मधल्या रेषेपर्यंत

गल्लीच्या तोंडाशी कौन्सिलनं पाटी ठोकली आहे :
हा रस्ता दत्तक घेतलेला नाही.
डांबर तिथंच संपतं,
सुरीनं पाव कापावा तसं.
पुढे आमची टेंटर लेन, यॉर्कशरच्या चढावर,
सोळा घरं, एक दिव्याचा खांब
आणि त्रेचाळीस खड्डे. मी मोजलेत.

जोसाया होलरॉइड नावाचा गिरणीवाला,
त्यानं अठराशे सत्त्याऐंशीत घरं विकली,
कोळशाच्या खोल्या विकल्या, परसातले संडासही
कागदावर नावनिशीवार.
रस्ता तेवढा विकायचा विसरला.
विसरला नसेलही.
कंपनी बुडाली, वारस ऑस्ट्रेलियात गेले,
पाठवलेलं पत्र तसंच परत आलं, न फोडलेलं.
मग वकीलबाईंनी चष्मा पुसला :
उलटं सिद्ध होईपर्यंत असं धरून चालायचं
की दारापुढचा रस्ता ज्याच्या त्याच्या घराचा,
मधल्या रेषेपर्यंत.

मधली रेषा कुणी पाहिली होती?
ब्रियर्लींच्या नातीनं दोरी धरून खडूनं आखली.
संध्याकाळी भुरभुरलं, रेषा गेली,
पण तेवढ्यात कळायचं ते कळलं.
सगळ्यांत मोठा खड्डा, ज्याला आम्ही तळं म्हणतो,
बरोबर रेषेवर.
अर्धा माझा,
अर्धा समोरच्या एनोक गॉल्थॉर्पचा.
एनोक आणि मी नऊ वर्षं बोलत नाही.
कुंपणावरून झालं होतं काहीतरी,
कुंपणही आता राहिलं नाही.

बैठक माझ्या स्वयंपाकघरात झाली.
एनोक दारातच उभा, टोपी डोक्यावर.
कौन्सिलचं म्हणणं, गटारं घाला, कडेचे दगड बसवा,
पक्का करून द्या, मग घेऊ दत्तक.
घरटी अकरा हजार पौंड.
म्हणजे पोर शिकवून, नोकरीला लावून द्या,
मग आम्ही बाप व्हायला तयार,
मेव्हिस बूथरॉइड म्हणाली,
आणि चहा थंड होईस्तोवर कुणी बोललं नाही.
शाहिदा अक्रम म्हणाली, मी देईन, पण हप्त्यानं.
टोकाच्या घरातला म्हणाला,
माझी गाडी खाली मोठ्या रस्त्यावर असते, माझा काय संबंध?
शेवटी ठराव झाला
की पुन्हा एक बैठक घ्यावी.

टपालवाली खड्ड्यांना नावं ठेवते.
आम्हीही ठेवली आहेत, पण बारशाची :
तळं, परात, धाकटा होलरॉइड.

फेब्रुवारीत रुग्णवाहिका तळ्याशी अडली.
मेव्हिसला खुर्चीत बांधून उतारावरून नेलं,
तिचा एक सपाता चिखलात राहिला.
पोरगेलासा परिचारक धापा टाकत विचारत होता,
हा रस्ता आहे तरी कुणाचा?
सोळा दारांत सोळा माणसं.
दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात,
हा तर सोळा घरचा.

वकीलबाईंनी बजावलं होतं, बुजवायला जाऊ नका.
तुम्ही बुजवलेल्यात कुणी पडलं तर ते तुमच्यावर येईल,
न बुजवलेल्यात पडलं तर त्याचं नशीब.

मेव्हिस परत यायची होती त्याच्या आदल्या रात्री
मी अकरानंतर बाहेर पडले, विटांचा चुरा बादलीत,
बॅटरी न घेता.
पाय टाकला तर तळं अर्धं भरलेलं.
एनोकच्या बाजूनं खडी, धुम्मस करून बसवलेली,
मधल्या रेषेपर्यंत,
तसूभर पुढं नाही.
किती रात्री खपत होता, देव जाणे.
मधल्या पावसांनी त्यातली थोडी खडी
ओघळून माझ्याकडे आली होती.
कायद्यानं पाहिलं तर ती आता माझी.
की माझ्या जागेत राहायला आलेली त्याची?

वर त्याच्या खिडकीत दिवा लागला.
मी तशीच वाकलेली.
मग दिवा विझला.

बादली उपडी केली मी.
चुरा कुठवर गेला
ते अंधारात दिसलं नाही.