एकाला बारा

शाडूचा नमुना सहासष्ट इंच,
पुतळा सहासष्ट फूट.
माझं काम तेवढंच: एकाला बारा.
ओळंबा सोडायचा, कंपास टेकवायचा,
इंच वाचून फूट ओरडायचे;
वर परांचीवर तोताराम खूण करायचा
आणि सळई तिथवर वाकायची.

पारोळ्याबाहेरचा माळ, हायवेवरून दिसेल असा.
खाली कोरायची नावं त्रेचाळीस,
म्हणून कमिटीचा ठराव: चेहरा कोणाचाच नको.
अवचित मूर्तिकारानं घरोघरचे फोटो मागवले,
एकाची हनुवटी घेतली, एकाच्या भुवया,
कान कुणाचे ते नंतर त्यालाही सांगता येईना.

मे महिन्यात शाडू रात्रीतून तडकायचा.
पोती ओली करायला टँकर, तोही दिवसाआड.
प्लास्टरमध्ये ताग घालतात,
आम्ही सावद्याहून केळीचे सोप आणून पिंजले.
साच्याला आठवडाभर कच्च्या केळफुलाचा वास होता.

नमुन्याच्या मानेवर अवचितचा अंगठा उमटून राहिलेला.
मी तोही बारापट केला.
कळण्याच्या भाकरीएवढा झाला,
रेषा नांगरटीसारख्या.
इंजिनिअर म्हणाला, घासून टाका.
अवचित खालून बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, असू दे.
तिथवर कोण चढणारे?

झेलाबाई आली तेव्हा फक्त बूट उभे होते.
यादीतला अकरावा, हिलाल, तिचा भाऊ.
बुटाच्या नाडीच्या पहिल्या भोकाला तिचा हात पुरत नव्हता.
मान वर करून तिनं रिकाम्या सळ्या पाहिल्या,
जिथं अजून छाती यायची होती.
"कितला उच्चा करी टाका रे त्याले!
मांडनीवरना डबाले हात पुरे ना त्याना."

मी चहा मागवला.
ती बशीत ओतून सांगत राहिली:
भरतीला अर्धा सेंटिमीटर कमी पडला होता.
महिनाभर रोज पहाटे चिंचेच्या फांदीला लोंबायचा
आणि ही, सात वर्षांची,
त्याचे पाय धरून खाली लोंबायची
भाऊ लांब व्हावा म्हणून.
फांदी करकरायची. दोघं हसायची.
दुसऱ्यांदा धुळ्याला गेला, तरी तेवढाच कमी.
मापणाऱ्यानं पट्टीकडे पाहिलं,
त्याच्याकडे पाहिलं,
आणि पूर्ण लिहिलं.

"साहेब चांगला व्हता, भाऊ.
दया उनी त्याले."

बशी तिनं विसळून ठेवली.
मी विचारलं नाही, किती वर्षांनी,
कुठल्या बर्फात.
खाली कोरायच्या यादीत होतं सगळं,
तारखेसकट.

दिवाळीनंतर तुकडे आले, ट्रेलरवर निजवून.
मांडी एका गाडीत, खांदे दुसऱ्या.
अंमळनेर फाट्यावर पोरं गाडीमागं धावली.
क्रेनवाल्यानं डोकं उचललं तेव्हा
सगळा माळ गप्प झाला,
फक्त तोताराम ओरडत होता,
डावीकडे, अजून डावीकडे, बास.
जोड भरताना आत वेल्डिंग चालायचं,
बाहेर छातीवर हात ठेवला
तर गरम लागायची.

शेवटचं माप माझं.
पट्टी सोडली, वाचली, पुन्हा सोडली.
ओतकाम थंड होताना आटतं,
हिशेब धरला होता, तरी जास्त आटलं.
सहा सेंटिमीटर कमी.

अध्यक्ष म्हणाले, लिहा ना पूर्ण.
कंत्राटदार म्हणाला, सहासष्ट फुटांत सहा सेंटिमीटर,
आकाशाला काय कळणारे?
इंजिनिअर काहीच बोलला नाही,
त्यानं पेनाचं टोपण काढून पेन पुढं केलं.

मी त्याच्याकडे पाहिलं,
वर, अगदी वर, मान दुखेपर्यंत.
त्या कोणाच्याच नसलेल्या चेहऱ्याकडे.
मग रजिस्टरात लिहिलं:
कमी.

बिल अजून अडकलंय.
उद्घाटन झालं, बँड वाजला, फलकावर सहासष्टच आहे.
तुम्ही कधी त्या रस्त्यानं गेलात
तर गाडी थांबवून बघा:
सहा सेंटिमीटर कमी आहे तो.
एवढ्यानं परत पाठवता आला असता.