पोचा आलेला साचा

सॉवर्बी ब्रिजच्या चर्चला त्रेचाळीस मेणबत्त्या हव्यात,
या वर्षी गेलेल्यांसाठी, माणशी एक.
डोरीन ॲक्रॉइड कुंपणावरून म्हणाली,
तुम्ही रंगखात्यात होता ना, तुम्हाला मापं कळतात.

कळतात. इचलकरंजीत सूत रंगवलं, इथे लोकर,
छत्तीस वर्षं टक्क्यांत काढली.
मेणाचंही तेच:
सहा टक्के वास मुकाट पितं,
दहा दिले की अंगाला घाम फुटतो त्याच्या.
जास्त तापवलं तर वास खोलीभर
आणि मेण कोरडं.

वात मात्र रंगखात्यात शिकवली नव्हती.
आमच्या घरी ती मांडीवर वळत, तिला नंबर नसे.
इथे आहे. बारीक घ्यावी, तर आपल्याच तळ्यात बुडते.
जाड घ्यावी, तर डोक्यावर काजळीचं अळंबं
आणि दीड तासात सगळं आवरून मोकळी.
शेडमध्ये रात्री स्टूल टाकून बसलो,
वहीत लिहीत गेलो: नंबर, वेळ, ज्योतीची उंची.
तिसऱ्या रात्रीची नोंद एवढीच:
सहा नंबर. शहाणी आहे.

साचे हॅलिफॅक्सच्या जुन्या बाजारातले, पत्र्याचे,
डझनाला चार पौंड.
बारांतल्या एकाच्या पोटाला पोचा;
त्यातून निघेल तिच्या कुशीला खळगी.
परत करणार होतो. राहिलं.

मग बाटल्या. अकरा.
धुतलेली चादर. समुद्राची झुळूक.
चंदन हुंगलं आणि बूच लावून टाकलं,
सहाणेवर न झिजता आलेलं ते कसलं चंदन!
डोरीननं सगळ्या हुंगल्या,
मधेमधे कॉफीच्या बिया नाकाशी धरून,
आणि विचारलं, यात टोमॅटोचं पान नाही का?

फ्रँकचं काचघर अजून तिथेच आहे, रिकाम्या कुंड्यांसकट.
जून ते सप्टेंबर त्याची बोटं हिरवी,
साबणाला न जुमानणारी.
उशीलासुद्धा यायचा, ती म्हणाली,
आणि पुढे बोलली नाही.

डेव्हनहून मागवली, करंगळीएवढी बाटली.
थंड असताना हुबेहूब.
पेटवली, तर उकडलेल्या पालेभाजीचा वास.
दुसऱ्यांदा कसलाच नाही.
तिसऱ्यांदा वात बदलली, आठ नंबर,
आणि शेडच्या दारात कुणी
पान चोळून उभं राहिल्यासारखं झालं.

तेवढ्यात व्हिकरबाईंचा फोन:
बिनवासाच्या करा हं, मिसेस नटॉलना दमा आहे.

बेचाळीस केल्या तशा, चांगल्या अकरा साच्यांतून.
त्रेचाळिसावी पोच्यातून काढली.
कुणाला बोललो नाही.
खळगी दिसली की फ्रँक, सोपा हिशेब.

रविवारी पोहोचलो, तर स्काउटच्या पोरांनी
भराभरा पेल्यांत टाकूनही झालेल्या,
खळगी कुणाची, कुठल्या बाजूला, कोण बघतंय!
आणि ही जात स्वतःच्या पायावर उभी राहणारी नाही.
दहा मिनिटांत सगळी पाणी होते,
आकार सांभाळतो तो पेला.
माझी खूण माझ्यादेखत वितळली.

आमच्याकडे पंधरवडा लागतो,
यांचं चाळीस मिनिटांत आटोपतं.
नावं वाचली जात होती.
सतरावं फ्रँकचं. ज्योत सरळ, वास नाही.
डोरीन समोर बघत राहिली.
मी बुटांकडे.

तिसाव्याच्या आसपास आला.
हिरवा, उग्र, कच्चा,
एल्सी ग्रीनवुड, वय चौऱ्याण्णव, हिच्या पेल्यातून.
मिसेस नटॉल एकदा खोकल्या.
डोरीनचा हात प्रार्थनेच्या पुस्तकावर थांबला,
मग बोटांची टोकं हळूच नाकाशी गेली.

परतताना कालव्याच्या कडेनं चाललो.
ती गप्प, मी त्याहून गप्प.
फाटकापाशी कडी उघडताना म्हणाली,
फ्रँक दरवर्षी पिशवीभर तिच्या दाराशी ठेवून पळायचा.
एल्सीला टोमॅटो
कधीच आवडले नाहीत.