जीरो देख लो

सराफ्यात दागिन्यांची शटरं पडतात
आणि त्याच पायऱ्यांवर शरयूआत्याची कढई चढते.
भुट्ट्याच्या किसाची पाटी मी लिहितो, चौथीत असल्यापासून.
अक्षर बरं आहे म्हणून,
आणि आकडा खोडताना आत्याचा हात कापतो म्हणून.

चाळीस, खडूनं.
मग पन्नास. मग साठ.
साठाच्या पोटातून चाळीस अजून दिसतो,
ओल्या फडक्यानं कितीही पुसा.
गिऱ्हाईक नेमकं त्यावरच बोट ठेवतं :
"ये वाला किधर गया, भिया?"

किधर गया.
मी काही शोधायला निघालो नव्हतो.
स्कूटर काढली, चोइथराम मंडीत गेलो, कणसं आणायला.
अडत्या रिकाम्या ताडपत्रीवर बसून दात कोरत होता.
म्हणाला, हिरवं तोडतो कोण आता?
उभंच वाळू देतात. वाळका दाणा कारखाना नेतो,
ट्रॉलीच्या ट्रॉली, पैसे थेट खात्यात.
एवढा मका खातो कारखाना?
"खात नाही. आंबवतो. आणि गाड्यांना पाजतो."

गेंदालाल पाटीदार, देपालपूरकडचा,
दहा वर्षं आमच्या दारात पोतं टाकून जायचा.
त्याला फोन लावला, रागवायचं ठरवून.
तो म्हणाला, "बाई को बोलना, इस बार छत डल गई."
त्याच्या आवाजाला ओल्या सिमेंटचा वास होता.
मी अभिनंदन केलं.
दहा वर्षं आम्ही त्याला स्वस्तात खाल्लं
हे कुठल्या पाटीवर लिहिलं होतं?

दूधवाला म्हणतो पेंड महागली,
पेंडवाला म्हणतो मका.
तेलवाला म्हणतो, समुद्रापलीकडे पामतेलसुद्धा
आता ट्रकच पितात.
सियागंजातला हिंगवाला काहीच म्हणत नाही,
अर्धं शटर ओढून आत बसतो, भाव चढेपर्यंत.
आणि गॅसवाला नुसता सिलिंडर आपटतो.
यांतला एकही खोटं बोलत नसावा,
तीच तर अडचण आहे.

परतताना भंवरकुआंच्या पंपावर थांबलो.
पोरगा म्हणाला, "जीरो देख लो."
पाहिला. शून्य होतं.
मग आकडे पळू लागले, आणि नळीतून, शप्पथ,
तो वास आला,
कणीस सोलताना बोटांना लागतो तो, हिरवट, दुधाळ.
(शक्य नाही, ठाऊक आहे. पेट्रोलला पेट्रोलचाच वास.)
पण पाचात एक हिस्सा, पंपावरच लिहिलं होतं.
हिशेब करायची वाईट खोड :
पाच लिटरांतला एक मक्याचा धरला,
तर अडीच किलो दाणा.
म्हणजे आत्याच्या हातचे वीसेक दोने.
वीस दोन्यांवर बसून मी कणसं आणायला गेलो होतो
आणि अर्धं पोतं घेऊन परतलो.

रात्री आत्या किसत बसली.
किसणीखाली पांढरा चीक साचत होता,
मोहरी तडतडली, हिंग उठला,
समोर एक बाप, दोन पोरं,
"एकच द्या, चमचे तीन."
मी खडू उचलला. सत्तर?
आत्यानं मान हलवली.
"आकडा राहू दे," म्हणाली, "दोना बदल."

सकाळी बर्तन बाजाराच्या मागे
पत्रावळवाल्याकडे गेलो.
एक बोट लहान मागितला.
त्यानं वर बघितलंही नाही.
तो माप तर परवाच संपला भिया,
सगळा सराफा तोच घेऊन गेला.
त्याहून लहान दाखवू?