बेडूक पूर्ण होत नाही

पाळीच्या आमच्या शाळेत
बेडूक कधी पूर्ण होत नाही.

अंडी येतात पडद्यावर, साबुदाण्याच्या खिरीसारखी,
मग शेपटी, मग कल्ले,
मागचे दोन पाय फुटतात
आणि बरोबर अकराव्या मिनिटाला
प्रोजेक्टर डोळा मिटतो.
तांबडा दिवा लुकलुकत राहतो
आणि सातवीचे एकवीस जण
अंधारात माझ्याकडे बघतात,
जणू मीच गिळला.

"पाय आले की संपताच तो," मागून कृपेश म्हणतो,
"म्हजो मामा रातीं बॅटरी घेवन…"
पुढचं सांगत नाही. वर्ग हसतो.
मी ऐकलंच नाही असं दाखवते;
मामाचं घर शाळेला लागून आहे.

मी सगळं करून पाहिलं.
केबल काढली, फुंकली, परत लावली.
शेजारच्या वर्गातून वीज ओढून आणली.
सोबतची पुस्तिका वाचली,
तिच्यात एक माणूस यंत्राशेजारी उभा राहून
बाराही पानं नुसता हसतो.
पणजीला फोन केला.
तिथली मुलगी म्हणाली, बंद करून चालू करा.
बाळ, मी म्हटलं,
अर्धं काम तो स्वतःच करतो.
माणूस मंगळवारी येईल, म्हणाली.
कुठल्या, ते नाही म्हणाली.

दत्ताराम मळीक आमच्याकडे घंटा देतात.
त्याआधी बारा वर्षं
खाणीवरचा ट्रक चालवायचे.
ते दारातून आत आले,
कान यंत्राच्या पोटापाशी नेला,
तळहात टेकवला, झटकन काढला.
"बाई, हें तापता. ताका वारो मेळना.
म्हजी गाडी अशीच चढणीर उबी रावताली."

कडेला एक झडप होती,
तीन वर्षांत मला न दिसलेली.
ती त्यांनी नखाने उघडली.
आत पोस्टकार्डाएवढी जाळी
आणि जाळीवर
दाट, तांबडी साय.

"खाणी बंद होऊन इतकी वर्षं झाली," मी म्हटलं,
"अजून उडते?"
"उडना. बसलेली आसता."
त्यांनी वर कौलांकडे पाहिलं, वाशांकडे,
मग चिमूट घेऊन अंगठ्याखाली चोळली.
"ही पाळीची न्हय. ही वेळगेची. काळपट आसा."

मी काही बोलले नाही.
ते जाळी हातात धरून खिडकीशी उभे,
बाहेर रस्ता, रस्त्यावर एक स्कूटर, बाकी काही नाही.
"दिवसाक नऊ खेपा, बाई.
ताडपत्री नीट बांदिनासलों. घाई आसताली."
आणि बऱ्याच वेळाने,
"शाळेमुखार हॉर्न मात केन्नाच मारलो ना."

जाळी नळाखाली धरली त्यांनी.
पाणी किती तरी वेळ तांबडंच येत राहिलं.
मग ती जास्वंदीवर वाळत घातली,
आणि ओली लावायची नाही,
असं मला दोनदा बजावलं,
मी सातवीतली असल्यासारखं.

शेवटच्या तासाला पुन्हा अंडी.
शेपटी. कल्ले.
मागचे पाय आले तशी
मी पडद्याकडे पाहणं सोडलं,
घड्याळाकडे पाहू लागले.
अकरा.
कृपेशने बाकाची कड धरली.
बारा.
पुढचे पाय फुटले, आधी एक, मग दुसरा,
शेपटी आखडत गेली
आणि एक हिरवट, ओबडधोबड जीव
पानावर चढून बसला,
गळा फुगवला,
आणि चौकटीबाहेर उडी मारून गेला.

टाळ्या नाहीत. नुसतं
"आनी मागीर?" कुणीतरी विचारलं.

फिल्म संपली होती.
पडद्यावर कोरा उजेड, पंखा एका लयीत फिरत,
शाळा सुटायची वेळ टळून गेलेली,
आणि दारात दत्ताराम,
हातातली मोगरी
खाली धरून.