वाटा

आश्विन वद्य दशमी. चंद्र उगवायला मध्यरात्र उलटणार.
तोंडवळीच्या किनाऱ्यावर रापण ओढायला माणसं कमी पडली
म्हणून झिलू मेतरांनी मलाही हाक मारली :
"गो बाई, हात लाव. वाटो गावतलो."
मी घाटावरची. इथल्या शाळेत विज्ञान शिकवते.
दोर ओल्या वाळूसारखा गार होता
आणि कुणाकुणाच्या हातांनी गुळगुळीत झालेला.

मागे मागे चालायचं. पाठ सुरूच्या झाडांकडे,
तोंड समुद्राकडे, टाचा रुतवत.
शेवटचा माणूस झाडांपाशी पोचला की दोर सोडतो,
अंधारातून एकटाच पाण्याकडे जातो
आणि गुडघाभर लाटेत पहिला होऊन उभा राहतो.
लांबून बघणाऱ्याला एकच रांग दिसते,
जराशी वाकलेली, कितीही वेळ तीच.
रांगेतलं कुणीच जागेवर नसतं.

नैऋत्येला धनू रास पाण्यात उतरत होती.
तिच्यातून वर आकाशगंगा,
तांदळाच्या धुवणासारखी सांडलेली.
माझ्या मागे दोराला कांचन, सातवीतली.
"बाई, पुस्तकात तिका हात आसत.
मगे ते फिरान फिरान गुंडाळत कशे नाय?"

वर्गात हे मला नीट सांगता आलं नव्हतं.
आता विचारलं, मघाशी कुठे होतीस?
"पाण्यात."
आणि आता?
"झाडांकडे इलंय."
आणि रांग?
ती मान वळवून दोन्हीकडे बघत राहिली.
"रांग हयच आसा."

तसंच ते. भुजा म्हणजे तारे नव्हेत,
भुजा म्हणजे दाटी.
तारे येतात, दाटीतून थोडं चालतात, पलीकडे जातात.
आपला सूर्यही अशा कितीक दोरांना
हात लावून आलेला.
वायूला मात्र ती दाटी सोसत नाही.
थंड, काळा, कुणाच्या नजरेत न भरणारा हायड्रोजन
तिथे दबतो, गुठळी धरतो,
स्वतःच्याच वजनाने आत आत कोसळतो
आणि पेटतो.

कांचनने धुवणातली काळी भेग दाखवली.
"थंय काय नाय?"
थंयच सगळा आसा, मी म्हटलं, मोडक्या मालवणीत.
उजेड व्हायचाय अजून.

क्षितिजावर पर्ससीनच्या बोटी उभ्या होत्या,
एलईडीचं अख्खं गाव पेटवून,
धनूचा पायथा पुसून टाकलेला.
इनास थुंकला. "ह्यो उजेड मासो खाता."

मी बोलतच होते.
फार मोठे होतात ते तारे निळे जळतात,
लवकर संपतात, भुजा ओलांडायच्या आधीच.
बोलले आणि जीभ चावली.
तिचा भाऊ लवू. एकवीस वर्षांचा.
पाण्यातली पहिली जागा कुणाला द्यायचा नाही.
श्रावणात होडी उलटली.

कांचन काही बोलली नाही.
ती झाडांपाशी पोचली होती. दोर सोडला
आणि पाण्याकडे चालत गेली.
तिच्यामागून मी.

दोराच्या त्या टोकाला काय आहे ते दिसत नव्हतं,
हाताला कळत होतं फक्त.
दीर्घिकाही अशाच ओळखतात म्हणे :
दिसतं त्याहून न दिसणारंच जास्त ओढतं.

तीन तासांनी जाळं वर आलं.
दोन टोपल्या. तारल्या, थोडे पेडवे,
फुगून बसलेला एक केंड.
एवढ्या मोठ्या ढगातूनही
शंभरातले दोन-तीन भागच तारे होतात,
बाकीचं पहिल्या ताऱ्यांच्याच वाऱ्याने उधळून जातं.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

झिलू मेतर वाळूवर उकिडवे बसले.
जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा,
मग माणसांचे, एकेक ढीग मोजून.
सगळे झाल्यावर आणखी एक ढीग केला
आणि कुणाचं नाव न घेता
कांचनच्या ढिगाशेजारी सरकवला.

मला सात तारल्या मिळाल्या.
खोलीपर्यंतच्या वाटेवर पिशवीत चमकत होत्या.
दिवा लावला तर साधे मासे.