कड

टोलीडो, ओहायो. एकोणऐंशीचा जानेवारी.
आईची रात्रपाळी सुटली की आम्ही गाठोडं घेऊन
व्हर्ना कोवाचच्या लॉन्ड्रीत.
सहा नंबरचं मशीन आमचं,
कारण ते चार मिनिटं जास्त फिरायचं
आणि हे कुणी कुणाला सांगायचं नाही, असं ठरलेलं.

आई बसल्या बसल्या झोपायची.
मोड सांभाळणं माझ्याकडे.
एका डॉलरचे चार पाव डॉलर,
मुठीत धरले की तळव्याला लागणारा तो वास
पाववर लोणी लावतानाही जायचा नाही.

व्हर्नाच्या गल्ल्याशेजारी कॉफीचा डबा होता,
मशीनने थुंकलेल्या नाण्यांचा.
बहुतेक कॅनडाची.
सरोवरापलीकडचं ते मोठं हरीण
शिंगं रोखून आमच्या फटीत शिरू बघायचं
आणि मशीन त्याला ओळख द्यायचं नाही.
"चाळत बस," तिने डबा माझ्यापुढे ढकलला,
"नाहीतर ड्रायरचं दार उघडमीट करून मोडशील."

मी चेहरे बघत बसलो.
तोच माणूस, तीच शेंडी, नजर कायम डावीकडे.
"चेहऱ्यावर जाऊ नकोस," व्हर्ना म्हणाली,
"छापा नको, काटा नको. कड बघ."
दहाबारा नाण्यांची थप्पी तिने दोन बोटांत आडवी धरली.
प्रत्येकाच्या पोटातून तांब्याची एक रेघ,
ब्रेडमधून डोकावणाऱ्या हॅमसारखी.
"बिनरेघेचं भेटलं तर मला सांगू नकोस हं.
मी मागून घेईन."

त्यानंतर मला दुसरं काही दिसेना.
बसवाल्याने दिलेली चिल्लर,
चर्चच्या थाळीवरून हात मागे घेताना लावलेला उशीर,
शेजारच्या मिस्टर ऑगबर्नकडचं लोणच्याचं बरणीभर खुर्दं,
जे ते मला मोजायला देत, आणि नंतर स्वतः पुन्हा मोजत.

मार्चमध्ये सापडलं.
थप्पीत एक कड पांढरी,
कवळीत एकच खरा दात असावा तशी.
एकोणीसशे चौसष्ट.
काउंटरवर टाकून बघितलं.
बाकीची नाणी पडतात.
हे वाजलं.

आणि मी काय केलं?
मागच्या नळावर नेऊन टूथपेस्ट लावली, ब्लीच लावलं,
आईच्या नखांच्या ब्रशने घासघास घासलं.
आरशासारखं झालं.
व्हर्नाने ते खिडकीकडे धरलं, बराच वेळ.
"अख्ख्या दुकानात एकच गोष्ट धुवायची नसते," ती म्हणाली,
"आणि तू तीच धुतलीस."
पंधरा वर्षं किती खिशांनी त्याला काळं केलं होतं,
कुणाकुणाच्या अंगठ्याने,
ते सगळं मॉमी नदीकडे वाहून गेलं होतं.

तेवढ्यात ड्रायर थांबला.
आईने डोळे न उघडताच गणवेशाची कॉलर चाचपली. ओली.
तळहात पुढे केला. "आहे का रे एक?"

होतं. एकच होतं.
"नाही," मी म्हणालो.

ब्लीचमुळे बोटं चुरचुरत होती.
आई गणवेश तसाच घडी घालायला लागली,
रात्री तोच अंगात चढवायचा होता तिला.
व्हर्ना उठली.
ॲप्रनच्या खिशातलं स्वतःचं नाणं,
चांगली ठसठशीत रेघ असलेलं, फटीत सरकवलं.
"हे मशीन अडतं अधूनमधून," आईला म्हणाली.
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
कड घेणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं,
म्हणजे, कळायला लागलं.

चौसष्टचं ते नाणं अजून आहे,
निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत, आपल्या भोकात.
दुकानदार भिंगातून बघतात, "धुतलंय" म्हणतात
आणि चांदीचा भाव सांगतात.
मी वही मिटतो.

पुढच्या शनिवारी मी व्हर्नाचे पैसे फेडले.
पाव डॉलर काउंटरवर ठेवला, काही बोललो नाही.
तीही बोलली नाही.
नाणं उचललं,
आडवं धरून आधी कड बघितली,
मग गल्ल्यात टाकलं.