पान एकशे सव्वीस

आमच्या बँडवर दोन पुस्तकं आहेत.
एक सुहृद बियाणीचं, जाड पुठ्ठ्याचं, पुण्यात छापलेलं,
वर काळ्या धुरात त्याचाच फोटो.
दुसरं मुजम्मिलचं, छप्पन पानी,
अंबड चौफुलीजवळ लग्नपत्रिका निघतात त्या मशीनवर काढलेलं;
शेवटच्या पानावर चुकून
कुणाच्या तरी वलीम्याचा पत्ता राहून गेलाय.

दोन्ही मी डब्यासोबत ड्युटीवर नेतो.
डाव्या कानानं ऐकू येईना म्हणून भट्टीवरून काढलं मला,
आता वजनकाट्यावर, ट्रक मोजायच्या केबिनीत.
वाचायला वेळ मिळतो.

बँडचं नाव भंगार.
सुहृद लिहितो, हे नाव त्याला
एका अस्वस्थ रात्री सुचलं.
मुजम्मिल लिहितो, नाव मिलच्या गेटवरच होतं,
‘भंगारवाल्यांनी आत येऊ नये’,
आणि आम्ही आतच होतो.
पाटी अजून आहे.

आई विचारायची, बँड म्हंजे वरातीचा का रे?
सुपारी किती भेटती?
सुपारी नाही आई, चहा.
मग काहून एवढं बोंबलता?

माझा बेस ड्रम म्हणजे डिझेलचं पिंप.
झांज म्हणजे मिलच्या पत्र्यातून कापलेली चकती;
आठवडाभर कानशीनं तिची कड घासली,
तरी पहिल्याच दिवशी तिनं अंगठा फाडला.
हे कुठल्याच पुस्तकात नाही.
सुहृदच्या पुस्तकात आमच्या ‘कच्च्या, औद्योगिक ध्वनी’वर
अख्खं प्रकरण आहे. दोनदा वाचलं. चांगलं आहे.
त्यातला आवाज काही ओळखीचा निघाला नाही.

बँड कोणी मोडला, यावर दोघांचं जमत नाही.
हा म्हणतो, त्यानं फ्लेक्सचं दुकान टाकलं.
तो म्हणतो, ह्याच्या वडलांनी अॅम्प्लिफायर परत मागितला.
तळटिपा, त्यावर उलट तळटिपा,
भावकीत बांधावरून चालावं तसं.
मी दोघांकडे एकेका ओळीत.
इकडे, ‘ड्रम्सवर लिंबाजी साबळे, पुढे मिलमध्ये.’
पुढे कसलं? मी आधीपासूनच मिलमध्ये होतो.
तिकडे, ‘लिंबाजी सावळे.’

जमतं ते एकाच जागी.
पान एकशे सव्वीस; मुजम्मिलकडे एकेचाळीस.
पॉलिटेक्निकचं गॅदरिंग, फेब्रुवारी, सहा साल,
चौथं गाणं चालू, आणि
‘लाईट गेली. कार्यक्रम तिथंच संपला.’
शब्द न् शब्द तोच.

संपला?
गिटार मेली, खरंय. माईक मेला.
सुहृदचं तोंड उघडं असेल,
आवाज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा गेला नाही.
पण पिंपाला कुठली लाईट लागती?
मी थांबलो नाही. कोणी थांब म्हणलं नाही,
म्हणलं असेल तर ऐकू आलं नाही.
काठ्या दिसत नव्हत्या.
चकती कुठंय ते फाटक्या अंगठ्याला ठाऊक होतं.
आधी पोरं ओरडली, मग ओरडायची थांबली,
मग पत्र्याच्या खुर्च्या, दुमडायच्या,
एक इथून, एक तिथून, माझ्यासोबत वाजू लागल्या.
किती वेळ, काय माहीत. भारनियमन चार तासांचं होतं.
वॉचमन ममदूभाई बॅटरी घेऊन आला,
उजेड माझ्या तोंडावर पाडला, बघितलं,
आणि परत विझवला.

परवा शिफ्ट सुटता सुटता
पावत्यांचं निळं पेन घेतलं,
पान एकशे सव्वीसवर ‘संपला’पुढच्या पूर्णविरामाला
शेपटी काढून स्वल्पविराम केला.
पुढं काय लिहावं, सुचेना.
तेवढ्यात ट्रक काट्यावर चढला, ड्रायव्हरचा हॉर्न,
मागं गज, पंखे, कुठल्यातरी इमारतीचा
अख्खाच्या अख्खा लोखंडी जिना.
घाईत आकडा समासातच उतरवला गेला.
बावीस टन, चारशे किलो.
राहू दे.